ग्रामसंघाने ४२ घरांचे शोषखड्डे करायला घेतलेत: माप, दगड आणि पैसे कसे बसवायचे?

ग्रामसंघ_दौंड:
नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यातल्या एका गावात आमचा ग्रामसंघ आहे, ११ बचत गटांचा. गावठाणातल्या वरच्या आणि खालच्या आळीत मिळून ४२ घरं आहेत. मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं सगळं सांडपाणी रस्त्यावरून वाहतं आणि शाळेच्या फाटकापाशी साचतं. गेल्या सभेत ठराव झाला की पावसाळ्याआधी घरोघरी शोषखड्डे करायचे, खोदकाम श्रमदानाने.

आता अडलंय ते असं. कुणी म्हणतं ३ बाय ३ चा खड्डा पुरे, कुणी नांदेडच्या पद्धतीचा टाकी बसवलेला सांगतं. वरची आळी मुरमाड आहे. खालच्या आळीत १४ घरं आहेत, तिथे काळी माती आणि कालवा जवळ. दोन्हीकडे एकच माप चालेल का? दगड किती लागेल? पैशाचं काय, ग्रामसंघाच्या खात्यात समुदाय गुंतवणूक निधी आहे, तो वापरला तर चालतो का? आणि सभेत आम्ही बायांना सांगून बसलोय की खड्डे झाले की डेंग्यू जाईल. हे बरोबर सांगितलं ना?

मातीपरीक्षा:
ताई, माप नंतर. आधी जमीन पाणी पिते का ते बघा. शोषखड्डा म्हणजे दगड भरलेलं भोक नव्हे. पाणी जिरवायचं काम भोवतीची माती करते, दगड फक्त भिंती ढासळू देत नाही. जी माती पाणी घेत नाही तिथे कितीही मोठा खड्डा केला तरी तो महिन्या-दोन महिन्यांत तुडुंब भरून वास मारणार.

दोन्ही आळ्यांत एकेक नमुन्याचा खड्डा चार फूट खोल खोदा. त्याच्या तळाशी मधोमध एक फूट रुंद, एक फूट खोल छोटं भोक घ्या. भोकाच्या भिंती पहारीने खरवडा, कारण खोऱ्याने माती घासून गुळगुळीत झालेली असते आणि मग पाणी मुरत नाही. तळाला दोन इंच बारीक खडी टाका. संध्याकाळी भोक पाण्याने भरा, पाणी उतरलं की पुन्हा भरा, रात्रभर माती भिजू द्या. कोरड्या मातीत पाणी भसाभस जातं आणि आपण फसतो, म्हणून हे भिजवणं चुकवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी खडीच्या वर सहा इंच पाणी राहील एवढं भरा, शाळेतली पट्टी उभी धरा आणि अर्ध्या तासात किती मिलिमीटर उतरलं ते लिहा. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतील ते काढायचं. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर खड्डा बिनधास्त करा. ६० च्या वर गेलं तर त्या जागी शोषखड्ड्याचा नाद सोडा. मधल्या आकड्याला खोल खड्ड्यापेक्षा लांब, उथळ चर बरा.

दुसरं, कालव्याजवळच्या विहिरींचं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात किती वर येतं ते विचारून घ्या. खड्ड्याच्या तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत निदान सहा-सात फूट कोरडी माती हवी. ती नसेल तर मोरीचं पाणी न गाळता थेट विहिरीच्या पाण्यात उतरेल. पिण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून आणि हातपंपापासून किमान ५० फूट लांब राहा.

वरच्या आळीतही एक धोका असतो. मुरूम दोन फूटच आणि खाली सलग कातळ, असं आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असतं. मग पाणी खाली न जाता कातळावरून सरकत शेजारच्या घराच्या पायात निघतं, आणि पुढची दहा वर्षं दोन घरांत भांडण. कातळ लागला तर जागा बदला. सुरुंग नको.

खोदकाम_बांधकाम:
वर सांगितलेली परीक्षा पास झाली असं धरून माप सांगतो.

घरटी पाणी किती येतं ते आधी धरा. जलजीवनच्या हिशेबात माणशी ५५ लिटर. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. त्यातून पिणं, स्वयंपाक, जनावरं आणि संडासचं पाणी वजा करा. मोरीत रोज १५० ते २०० लिटर जातं, कपड्यांच्या दिवशी जास्त. ३ बाय ३ बाय ३ फुटांचा खड्डा म्हणजे २७ घनफूट, म्हणजे साधारण ७६५ लिटर. दगड भरल्यावर पोकळी उरते जेमतेम ४० टक्के, म्हणजे ३०० लिटर. लहान घराला ठीक, पाहुणेरावळे येणाऱ्या घराला कमी. ४ बाय ४ बाय ४ च करा.

टाकीवाला प्रकार घ्या. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावापासून हे नाव झालं, लोक त्याला मॅजिक पिट म्हणतात. जादू वगैरे काही नाही. साध्या खड्ड्यात गाळ थेट दगडांत शिरतो आणि एकदा दगड चोंदले की सगळा खड्डा उपसावा लागतो. टाकीत गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं, आणि साफ करायची ती फक्त टाकी.

सिमेंटची गोल टाकी, दोन फूट व्यास, दोन फूट उंच. पोटात साधारण १७८ लिटर मावतात. भोकं चार, वरच्या कडेपासून सहा इंच खाली, म्हणजे भोकांपर्यंत साधारण १३३ लिटर, जवळपास एका दिवसाचं पाणी. भोकं तळाशी पाडून देणारे कारागीर भेटतात, ती टाकी घेऊ नका, तिच्यात गाळ थांबतच नाही.

भरायचं असं: तळापासून दीड फूट मोठे गोटे, सहा ते आठ इंची. त्यावर टाकी पाणसळ लावून सरळ बसवा. टाकीच्या भोवती चार ते सहा इंची दगड, भोकांच्या पातळीच्या वर दोन-तीन इंची. टाकीचं तोंड जमिनीच्या सहा इंच खाली येतं. दगडांवर खताच्या रिकाम्या गोण्या दुहेरी अंथरा आणि मग माती. गोणी विसरलात तर पहिल्याच पावसात वरची माती दगडांत उतरते. टाकीवर ढापा, म्हणजे झाकण, पण वर मातीत गाडून टाकू नका, नाहीतर साफ करायच्या वेळी टाकी कुठे आहे ते सापडायचं नाही. मातीत जेवढी जागा ढाप्याची तेवढी विटांची एक ओळ लावून उघडी ठेवा.

दगड धुतलेला हवा. कच्च्या भाजलेल्या विटांचे तुकडे चालत नाहीत, भिजून विरघळतात. खाणीतला कच मिसळलेला माल तर नकोच, त्याने पोकळी बुजते.

मोरीतून येणारा पाइप तीन इंची पीव्हीसी, दर दहा फुटाला दोन इंच उतार. मोरीला नहाणी ट्रॅप, म्हणजे वास परत येऊ न देणारी जाळीची वाटी, आणि खड्ड्याच्या अलीकडे फूटभराचं चेंबर, त्यात जाळी. भाताची शितं, केस, भाजीची देठं तिथे अडतात. संडासच्या सेप्टिक टाकीचं जादा पाणी यात सोडायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

घराच्या पायापासून सहा फूट, मातीच्या भिंतीचं जुनं घर असेल तर दहा फूट. जेसीबी लावणार असाल तर त्याचं बकेट भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत करतं, भरण्याआधी पहारीने सगळीकडून खरवडून घ्या.

ग्रामसंघ_दौंड:
दोन्हीकडे परीक्षा घेतली. वरच्या आळीत अर्ध्या तासात ८० मिलिमीटर उतरलं. खालच्या आळीत फक्त ५. दगडाचा हिशेब आणि खालच्या १४ घरांचं काय ते सांगा. त्या आळीतल्या बाया नाराज आहेत, म्हणतात आमच्याच वाट्याला घाण.

खोदकाम_बांधकाम:
वरची आळी म्हणजे २५ मिलिमीटरला नऊ-दहा मिनिटं, उत्तम. २८ खड्डे करा. खालची १५० मिनिटांवर गेली, तिथे खड्डा नको.

दगड: खड्डा ६४ घनफूट, वरचे सहा इंच माती म्हणजे ८ वजा, टाकी सहा वजा, उरले ५०. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका ब्रासात दोन खड्डे. २८ खड्ड्यांना १४ ब्रास, आणि एक ब्रास वाढीव धरा. घोटाळा इथेच होतो: ट्रॅक्टरवाला ट्रॉली म्हणजे ब्रास म्हणून पैसे घेतो. ट्रॉली टेपने मोजा. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच असेल तर १०५ घनफूट होतात. फळी सव्वा फुटाची असेल तर ७५ च. प्रत्येक खेपेला माप आणि गाडी नंबर वहीत, दोघींच्या सह्या.

मुरमात हा खड्डा खोदायला दोन बायांना दीड दिवस लागतो. एका दिवसात होईल असं धरून वेळापत्रक लावलं की तिसऱ्या दिवशी सगळं कोलमडतं.

मातीपरीक्षा:
खालच्या आळीबद्दल. लोक लगेच सांगतील की मोरीचं पाणी केळीला, कर्दळीला सोडा. सोडा, पण आकडा बघून. झाडं आणि ओली जमीन मिळून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवतात, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. १५० लिटर संपवायला ३० चौरस मीटर, जवळपास ३२० चौरस फूट परसबाग लागते. पावसाळ्यात त्याहून जास्त. मोरीमागे दोन केळी लावून पाणी संपत नाही, फक्त चिखल होतो.

म्हणून १४ घरांची दोन टोळकी करा. ज्यांच्यामागे तीन-चारशे फूट मोकळी जागा आहे त्यांनी परसबाग: आधी गाळ बसायला छोटी टाकी, मग फूटभर रुंद, फूटभर खोल चर, त्यात खडी, दोन्ही बाजूंना कर्दळ, अळू, केळी. चर नागमोडी काढा म्हणजे कमी जागेत लांबी मिळते. मेथी, कोथिंबीर, मुळा या पाण्यावर नको, कच्चं खाल्लं जातं ते या पाण्यापासून लांब. साबणाचा सोडा काळ्या मातीला बंद करतो, ती चोपण व्हायला लागते, त्यामुळे कपड्यांचं पाणी शक्य तर वेगळं काढा.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी बंद पाइपची गटार आणि गावाच्या खालच्या अंगाला सार्वजनिक व्यवस्था, स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून निवळू देणारं) किंवा तसलं काही. ते ग्रामसंघाचं काम नाही, ग्रामपंचायतीचं आहे आणि त्याला पंचायत समितीच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक लागतं. तुमचं काम ते मागून घेणं. आणि हे खालच्या आळीला पहिल्याच दिवशी सांगा. वरचे २८ खड्डे झाल्यावर सांगितलंत तर ती नाराजी गटात शिरते, आणि मग बचतीची वर्गणी थकायला लागते.

हिशेबवही:
पैशाचं मी लिहिते.

समुदाय गुंतवणूक निधीला हात लावू नका. तो गटांना कर्जाने फिरवायचा पैसा आहे, खर्चून टाकायचा नाही. एखादीला स्वतःच्या घरचा खड्डा करायला गटातून अंतर्गत कर्ज हवं असेल तर ते घेता येतं, नेहमीच्या व्याजाने, नेहमीच्या हप्त्याने. पण ४२ घरांत सभासद नसलेलीही घरं असणार. त्यांच्या दगडाचे पैसे गटाच्या बचतीतून गेले की ऑडिटला उत्तर नसतं.

ग्रामपंचायतीकडे दोन वाटा बघा. पहिली वित्त आयोगाचा निधी: १५ व्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच होता, त्यातला अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पिण्याच्या पाण्याला. दुसरी वाट स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा: त्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, त्याहून मोठ्या गावाला ६६० असा दर होता. यातला ३० टक्के वाटा १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. समजा गाव १,९०० चं आहे, तर त्या दराने एकूण ५ लाख ३२ हजार, त्यात वित्त आयोगाचे १ लाख ५९ हजार ६००. हा पैसा गावाला एकदाच, त्यामुळे तो आधीच कशावर पडला आहे का ते ग्रामपंचायतीचा आराखडा उघडून बघा. पुष्कळ गावांत तो कागदावर गटारीला संपलेला निघतो.

रोजगार हमीतून वैयक्तिक शोषखड्डे होत आले आहेत, पण केंद्राचे नियम बदलत आहेत, म्हणून पंचायत समितीच्या रोहयो कक्षातच विचारा. एक गोष्ट मात्र जुनीच आहे: मंजुरी आणि हजेरीपट निघायच्या आधी कुदळ मारली तर ती मजुरी मिळत नाही. तुम्ही श्रमदान करणार म्हणता. मग ठरवा, एक तर श्रमदान किंवा मजुरी. एकच खड्डा दोन्हीकडे दाखवला की पुढच्या वेळी तुमच्या ग्रामसंघाचा कागद कुणी हातात घेणार नाही. फोटो तीन हवेत: कामाआधीचा, चालू असतानाचा, पूर्ण झाल्याचा, आणि तिन्हींत मागे तीच भिंत किंवा तेच दार दिसलं पाहिजे.

मागणी तोंडी करू नका. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तिथे ठराव लिहून घ्या, त्यात घरांची यादी, नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदवहीतला) मिळकत क्रमांक, किती खड्डे, किती परसबागा, खालच्या आळीची गटार. मग तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यायला लावा आणि प्रत मागा. ग्रामसेवक म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी, त्यांच्या सही-शिक्क्याची पोच ठेवा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यात ग्रामसंघाच्या व्हीपीआरपीतून, म्हणजे बचत गटांनी मिळून केलेल्या गावाच्या मागण्यांच्या आराखड्यातून, हे काम गेलं तर सोपं पडतं.

घरांकडून वर्गणी घेणार असाल तर पावती पुस्तक वेगळं, वही वेगळी, गटाच्या बचतवहीत एक रुपया नको. रोख दगडवाल्याच्या हातात देऊ नका. आणि श्रमदानाची तारीख लावताना कांदा लागवड, ऊसतोड बघा. ज्या बाईची रोजची हजेरी बुडते तिला श्रमदान म्हणजे दंड वाटतो. तिच्याकडून खोदकामाऐवजी गोण्या, ढाप्याची वाहतूक असं अर्ध्या तासाचं काम घ्या.

आरोग्य_शिरूर:
डेंग्यूचं सभेत परत उभं राहून दुरुस्त करा, ताई. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: बॅरल, रांजण, माठाखालचं ताट, छपरावरचे टायर, नारळाच्या करवंट्या. गटारीत वाढतो तो क्युलेक्स, रात्री चावणारा, हत्तीपायाचा. शोषखड्ड्याने क्युलेक्स कमी होईल, शाळेसमोरची दुर्गंधी जाईल. डेंग्यूला आठवड्यातून एक कोरडा दिवस लागतो. सगळी भांडी उपडी करून, आतून काथ्याने घासून वाळवायची. घासायचं मुद्दाम सांगते, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोनमहिने टिकतात.

खोटं आश्वासन दिलंत तर पावसाळ्यात पहिला रुग्ण निघाला की खड्ड्यांवरचाच विश्वास उडेल. शिवाय ढापा फुटलेली टाकी हीच डासांची जागा होते, तेव्हा फुटका ढापा आठवड्यात बदलायचा असं ठरवून ठेवा. दोन ढापे जादा करून ग्रामसंघाच्या खोलीत ठेवले तर बरं.

ग्रामसंघ_दौंड:
सगळ्यांचे आभार. डेंग्यूचं शनिवारी सभेत सांगते. साफसफाई किती दिवसांनी आणि कुणी करायची?

खोदकाम_बांधकाम:
टाकी तीन महिन्यांनी उघडा. चुलीच्या राखेने भांडी घासत असतील तर दीड महिन्याने, राख तळाला सिमेंटसारखी बसते. काठी घालून बघा, गाळ भोकांच्या चार इंच खाली आला की काढायचा. हातात रबरी मोजे, लांब दांड्याचा डबा, गाळ उकिरड्यावर मातीत मिसळून. टाकीत उतरायचं नाही, लहान पोराला तर नाहीच.

टाकी रिकामी करूनही पाणी दोन दिवसांत उतरत नसेल तर दगड चोंदलेत. मग वरचा एक फूट दगड काढून धुऊन परत भरा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, कारण गाळ भोकांच्या पातळीलाच अडकतो.

कुणी करायची: ज्या घराचा खड्डा त्या घराने. पण आळीत सात-सात घरांमागे एक बाई नेमा, तिच्याकडे तारखांची वही. तिने साफ करायचं नाही, फक्त काठी घालून बघून तारीख लिहायची आणि मासिक सभेत वाचायची. वरच्या आळीला अशा चारजणी लागतील. खालच्या आळीतल्या परसबागांच्या चरांनाही हेच, तिथे दोघी.